नदी बघायची कशी: आधी काठ, मग तळ, पाणी सगळ्यात शेवटी

नदीवर गेलं की आपण सगळे पहिल्यांदा पाणीच बघतो. साहजिक आहे, ते हलतं, चमकतं, आवाज करतं. पण नदी नीट समजून घ्यायची असेल तर माझा पहिला सल्ला हाच की जरा पाण्याकडे पाठ करा आणि काठ बघा. कारण पात्राचा आकार, काठाची उंची, दगडांची मांडणी हे काही आज वाहणाऱ्या पाण्याने केलेलं नसतं, ते केलेलं असतं पुराच्या पाण्याने, वर्षातले जेमतेम काही दिवस जे फुगून येतं त्याने. बाकीचे दिवस नदी त्याच साच्यातून निवांत जात असते. हे एकदा डोक्यात बसलं की कोरडा ओढासुद्धा वाचता येतो, खरं तर कोरडा असताना जास्त चांगला वाचता येतो कारण तळ उघडा पडलेला असतो.

हे सगळं ज्यांनी आधी कधी असं बघितलेलं नाही त्यांच्यासाठी लिहितेय. भूगोलाचं पुस्तक परत उघडायची गरज नाही. एक वही, पेन्सिल, मोबाईल, मोजायची टेप (नसेल तर दर मीटरला गाठ मारलेली दोरी चालते) आणि ओल्या दगडावर पकड घेणारे बूट, इतकं पुरे. आणि सुरुवात मोठ्या नदीपासून करू नका प्लीज. पाच-सहा पावलांत ओलांडता येईल असा ओढा घ्या. मोठ्या नदीत जे दोन-तीन किलोमीटर चालल्यावर कळतं ते ओढ्यात शंभर पावलांत दिसतं, आणि नियम दोन्हीकडे तेच.

पाण्याजवळ जायच्या आधी

हा भाग वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. जोरात वाहणारं पाणी फक्त १५ सेंटीमीटर खोल असलं तरी माणसाचा पाय उचलू शकतं, म्हणजे घोट्याच्या थोडं वर. गुडघाभर वाहत्या पाण्यात उभं राहून फोटो काढणं हा प्रकार करूच नका. तुमच्या डोक्यावर स्वच्छ ऊन असलं तरी वरच्या अंगाला, डोंगरात पाऊस पडत असू शकतो, त्यामुळे पाणी अचानक गढूळ व्हायला लागलं, काड्या-पानं जास्त वाहून यायला लागली, किंवा आवाज बदलला आणि घरघर वाढली, तर विचार करत बसू नका, वर चढा. पाणी चढताना दिसेपर्यंत थांबलात तर उशीर झालेला असतो.

दुसरं म्हणजे काठाच्या अगदी कडेवर उभं राहू नका, विशेषतः वळणाच्या बाहेरच्या बाजूला. वरून गवत, छान सपाट जमीन दिसते पण खालून पाण्याने पोखरून ती नुसती छज्जासारखी पुढे आलेली असते. आणि तिसरं, छोटा बंधारा, ज्याच्यावरून पाणी एकसारखं पडद्यासारखं पडतं, तो दिसायला शांत असतो पण पायथ्याशी पाणी उलटं फिरत असतं, वर आलेली वस्तू परत पडद्याखाली ओढली जाते आणि तशीच गोल फिरत राहते. लाकडाचा ओंडका तिथे तासन्‌तास फिरताना मी बघितलाय. माणसाचंही तेच होतं, चांगलं पोहता येत असलं तरी. तिथून लांबच राहायचं.

पायरी १: निघायच्या आधी नकाशा

सॅटेलाइट नकाशा उघडा आणि तुमचा ओढा शोधून तो उगमाकडे बोटाने धरत जा. बघा कुठे कुठे दुसरे ओहोळ येऊन मिळतात. पानाच्या शिरा जशा एकमेकींना मिळत जाड होत जातात तसं चित्र दिसलं तर जमीन साधारण एकसारखी आहे असं समजा, कुठून कुठेही उतार मिळाला तसं पाणी गेलंय. पण ओहोळ काटकोनात वळून मिळत असतील तर खाली कातळात भेगा किंवा कठीण-मऊ खडकांचे पट्टे आहेत आणि पाण्याने मऊ वाट धरलीये. एखाद्या उंच डोंगरावरून चारी बाजूंना ओहोळ निघालेले असतील तर तेही लगेच कळतं.

ओढ्यांना क्रमांक द्यायची एक सोपी पद्धत आहे, अमेरिकेतल्या आर्थर स्ट्रॅलर या भूशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात रूढ केलेली. ज्याला वरून कोणीच मिळत नाही तो पहिल्या क्रमांकाचा. दोन पहिले मिळाले की दुसरा, दोन दुसरे मिळाले की तिसरा. पहिला येऊन दुसऱ्याला मिळाला तर क्रमांक वाढत नाही, दुसराच राहतो. हे वहीत लिहून ठेवा कारण दोन ओढ्यांची तुलना करताना फार उपयोगी पडतं, पहिल्या क्रमांकाच्या ओहोळाची तुलना चौथ्या क्रमांकाच्या नदीशी करून काही हाती लागत नाही.

उंचीच्या रेषा असलेला नकाशा मिळाला तर आणखी मजा. समान उंचीच्या रेषा ओढा ओलांडताना टोकदार होतात, आणि ते टोक नेहमी उगमाकडे असतं. रेषा दाट म्हणजे उतार जास्त, विरळ म्हणजे पाणी तिथे पसरून चालणार.

नदी एका धारेत जातेय की अनेक धारांत वेणीसारखी गुंफत जातेय तेही नकाशावरच बघून घ्या. वेणी म्हटलं की मला ब्रह्मपुत्रा आठवते, गाळ इतका प्रचंड की एक धार तो वाहून नेऊच शकत नाही, मग मध्येच वाळूची बेटं टाकते, धार फुटते, पुढे जाऊन परत मिळते. अशा नदीचा नकाशा दर पुरानंतर थोडा बदलतो. गाळ टाकून टाकून नदी स्वतःचंच पात्र उंच करते आणि मग एक दिवस शेजारची खोलगट वाट धरते. १८ ऑगस्ट २००८ ला नेपाळमध्ये कुसाहा इथं कोसी नदीने बांध फोडला आणि शंभर किलोमीटरपेक्षा जास्त पूर्वेला असलेल्या आपल्या जुन्या वाटांनी बिहारात उतरली, लाखो लोक बेघर झाले. त्या वाटा नकाशावर होत्याच. म्हणून सॅटेलाइट फोटोत नदीच्या आजूबाजूला जुन्या वळणांचे कमानीसारखे डाग दिसतात ना, ते बघायची सवय लावा. नदी तिथे होती आणि परत जाऊ शकते.

पायरी २: डावा काठ कुठला

छोटीच गोष्ट आहे पण इथेच नवीन माणसं गडबडतात. पाणी जिकडे चाललंय तिकडे तोंड करून उभं राहायचं, डाव्या हाताला डावा काठ, उजव्या हाताला उजवा. आपल्याकडे ऐलतीर-पैलतीर हे सुंदर शब्द आहेत पण ते बोलणारा कुठे उभा आहे त्यावर ठरतात, पूल ओलांडला की ऐलाचा पैल होतो. वहीत नोंद करताना डावा-उजवाच लिहा.

पायरी ३: काठ वाचा, घाई करू नका

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. मी स्वतः अर्धा तास तरी काठावरच घालवते, तळाकडे नंतर जाते.

आधी शोधायची ती काठोकाठ भरण्याची रेषा. म्हणजे पाणी किती वर आलं की पात्र तुडुंब भरतं आणि अजून थोडं चढलं तर बाजूच्या सपाटीवर पसरतं, ती लेव्हल. खूप नद्यांमध्ये असं तुडुंब पाणी साधारण दर एक-दोन वर्षांनी एकदा येतं आणि नदीला आकार देण्याचं काम मुख्यत्वे तेच करतं, म्हणून ही रेषा महत्त्वाची. ती ओळखायची कशी? उभा काठ संपून जमीन जिथे एकदम सपाट होते ती जागा बघा. झाडोरा कुठे बदलतो बघा, खाली लव्हाळा आणि पाण्यात लोळून परत उठणारी रोपं, वर पक्की मोठी झाडं. कातळ असेल तर खाली धुतला गेलेला गुळगुळीत भाग आणि वर दगडफूल चढलेला खरखरीत भाग, यांच्यामधली सीमा बघा, दगडफुलाला वाढायला वर्षं लागतात त्यामुळे ते जिथे टिकलंय तिथे पाण्याची घासाघीस क्वचितच पोचते. वळणाच्या आतल्या बाजूला वाळूचा ढिगारा असतो त्याचा वरचा सपाट माथा बघा. या चारही खुणा साधारण एकाच उंचीवर आल्या तर तुम्हाला रेषा सापडली. एकाच खुणेवर विश्वास ठेवू नका, जनावरांच्या येण्याजाण्यानेही काठावर सपाट पट्टे तयार होतात.

मग वर बघा. झाडांच्या फांद्यांत अडकलेलं गवत, काटक्या, चिंध्या दिसतील. ती मोठ्या पुराची सही आहे. तिची उंची मोजा आणि आत्ताच्या पाण्यापासून किती वर आहे ते लिहा. पहिल्यांदा मोजतात तेव्हा बहुतेक जण दचकतात, कारण खाली पाणी घोटाभर असतं आणि ती चिंधी डोक्याच्या वर लटकत असते.

आता काठाची माती. जिथे काठ तुटलेला आहे तिथे आत काय आहे ते उघडं दिसतं, केक कापल्यासारखं. अनेकदा खाली गोटे आणि वाळू, आणि वर बारीक पोयटा असा क्रम असतो. याचा अर्थ फार छान आहे, खालचे गोटे म्हणजे कधीकाळी इथेच नदीचा तळ होता, नंतर नदी बाजूला सरकली आणि पुराचं संथ पाणी इथे पसरून बारीक गाळ टाकत गेलं. पण हाच क्रम काठ कमजोरही करतो. खालचे सुटे गोटे पाणी सहज ओढून नेतं, वरची चिकट माती तशीच अधांतरी राहते, आणि मग एक दिवस मोठा तुकडा धपकन खाली.

काठ पडतो कधी हे बहुतेकांना चुकीचं वाटतं. पूर भरात असताना पडत असेल असं आपण धरतो, पडतोही, पण पूर ओसरतानाचा काळ काठाला फार वाईट. पाणी चढलेलं असतं तेव्हा काठाची माती पाणी पिऊन जड होते पण नदीचं पाणीच तिला बाहेरून दाबून आधार देत असतं, पाणी झपकन उतरलं की आधार गेला आणि माती मात्र तशीच जड आणि लिबलिबीत. मी एका वळणावर काठाला समांतर गेलेली बोटभर भेग बघून ठेवली होती, पुरात रोज लांबून बघत होते, काही झालं नाही. पाणी उतरून दोन दिवस झाले, ऊन पडलं, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी तिथला खोलीएवढा तुकडा खाली पात्रात होता, वरचं झाड उभंच्या उभं त्याच्यासोबत. तेव्हापासून काठाला समांतर भेग दिसली की मी तीन-चार मीटर मागे राहते, ऊन असो नाहीतर पाऊस. झाडांच्या मुळ्या उघड्या पडलेल्या दिसल्या, खोड खालून नदीकडे झुकलेलं आणि वर परत सरळ झालेलं दिसलं तर काठ हळूहळू सरकतोय असं समजा.

काठाच्या मागे चालत जा थोडं. काही ठिकाणी काठाची कड मागच्या शेतजमिनीपेक्षा किंचित उंच असते, कारण पूर काठावरून बाहेर पडला की त्याचा वेग तिथेच पहिल्यांदा कमी होतो आणि जाड वाळू तिथेच पडते, बारीक गाळ लांब जातो. त्याला पूरतट म्हणतात. आणि कधी मागे पायऱ्या-पायऱ्यांसारख्या सपाट्या दिसतात, एकाच्या वर एक. त्या नदीच्या जुन्या पूरमैदानांच्या आहेत, नदी खाली खोदत गेली आणि त्या वर राहून गेल्या. सगळ्यात वरची पायरी बहुतेक वेळा सगळ्यात जुनी.

पायरी ४: वळणावर थांबा

नदी सरळ फार वेळ जातच नाही. पात्राच्या रुंदीच्या दहापट अंतर जरी एकदम सरळ दिसलं तरी मी शंका घेते की इथे कोणीतरी ती सरळ केलीये किंवा खाली कातळाने धरून ठेवलीये.

वळणावर दोन्ही काठ वेगळे असतात. बाहेरचा उभा, तुटलेला, त्याच्या पायाशी खोल पाणी. आतला उतरता, त्यावर वाळवंट साचलेलं. बाहेर पाणी जोरात आपटतं म्हणून तो तुटतो हे उत्तर अर्धंच आहे. खरी गंमत पाण्याच्या आडव्या फिरण्यात आहे. चहाच्या कपात चमचा फिरवा, पत्तीचे कण तळाशी मधोमध गोळा होतात, खरं तर फिरणाऱ्या पाण्याने ते बाहेर फेकले जायला हवेत. आल्बर्ट आइन्स्टाइनने १९२६ मध्ये नदीच्या वळणांवर एक लेख लिहिला त्यात हेच उदाहरण घेतलंय. तळाशी घर्षणामुळे पाणी हळू फिरतं, त्यामुळे बाहेर जायची ओढ तिथे कमी पडते, वरचं पाणी बाहेर जातं, कडेने खाली उतरतं आणि तळावरून आतल्या बाजूला येतं. नदीच्या वळणावर अगदी तेच होतं, वरचं पाणी बाहेरच्या काठाकडे, तळचं पाणी आतल्या काठाकडे, आणि एकूण प्रवाह स्क्रूसारखा पिळत पुढे जातो. म्हणून बाहेरचा काठ खणला जातो, आणि तळावरून सरकणारी वाळू आतल्या बाजूला येऊन बसते.

हे स्वतः बघायचं असेल तर शांत वळणावर वरच्या अंगाला मधोमध सुकलेली पानं सोडा, ती हळूहळू बाहेरच्या काठाकडे जाताना दिसतील.

वळणं मोजायचीही एक सोपी रीत आहे. नकाशावर दोन ठिकाणं घ्या, नदीच्या वाटेने अंतर मोजा, मग सरळ रेषेत मोजा, पहिल्याला दुसऱ्याने भागा. उत्तर १.५ च्या वर आलं तर नदी नागमोडी म्हणायची. आणि एक वळण, त्याच्या उलट दुसरं वळण, असं पूर्ण चक्र साधारण पात्राच्या रुंदीच्या १० ते १४ पट लांबीचं असतं. तीन मीटरचा ओढा असला तर तीस-चाळीस मीटर. मोठ्या नदीलाही हेच प्रमाण लागतं, मला हे पहिल्यांदा टेपने पडताळून बघितलं तेव्हा खूप आनंद झाला होता.

वळण वाढत वाढत दोन टोकं इतकी जवळ येतात की पुरात पाणी मधली चिंचोळी जमीन फोडून सरळ जातं. मागे राहिलेला तुकडा तळ्यासारखा, घोड्याच्या नालेच्या आकाराचा, त्याला नालाकृती सरोवर म्हणतात. सुरुवातीला पाणी, मग गाळ, मग लव्हाळा, आणि शेवटी नुसती ओलसर खोलगट जमीन. बांधकामासाठी अशी जागा बघणाऱ्यांनी जपून राहावं, पाणी तिथे पहिल्यांदा येतं.

पायरी ५: तळ, म्हणजे दगड आणि वाळू

पाणी कमी असेल तेव्हाच करा. सगळ्यात आधी चपटे दगड शोधा. ते नुसते पसरलेले नसतात, छपरावरच्या कौलांसारखे एकमेकांवर रेललेले असतात. त्यांची खालची कड उगमाकडे असते आणि वरची कड पाणी जातं त्या दिशेला झुकलेली असते, कारण पाण्याला त्यांना तसं उलटवणं सगळ्यात अवघड जातं. एकदम कोरड्या पात्रातही पाणी कुठून कुठे जात होतं हे यावरून कळतं. वाळूवरच्या लाटांसारख्या रेघाही तेच सांगतात, एक बाजू सौम्य, एक बाजू उभी, उभी बाजू पाणी जातं तिकडे.

मग दगड मोजा. पात्रात आडवं-तिडवं चालत एक पाऊल टाकायचं, न बघता बुटाच्या टोकाशी बोट टेकवायचं, ज्याला लागेल तो दगड उचलून त्याची मधली बाजू मोजायची (सगळ्यात लांबही नाही, सगळ्यात छोटीही नाही). असे शंभर दगड. ही पद्धत १९५४ पासून वापरात आहे आणि अजूनही तिच्याइतकी स्वस्त आणि भरवशाची पद्धत नाही. न बघता का, तर डोळ्याला सुंदर आणि मोठे दगडच दिसतात. २ मिलिमीटरपर्यंत वाळू, ६४ ते २५६ मिलिमीटर म्हणजे हाताच्या मुठीपासून डोक्याएवढे गोटे, त्याच्या वर धोंडे. मापं लहानापासून मोठ्यापर्यंत क्रमाने लावून शंभरांपैकी पन्नासावा दगड किती मोठा ते बघा, तो आकडा तुमच्या ओढ्याची ओळख. हेच खाली पाच किलोमीटरवर करा, दगड बहुतेक लहान आणि गोल झालेले मिळतील. मध्येच परत मोठे आणि टोकदार दिसले तर वरच्या बाजूला कुठेतरी एखादा ओहोळ नवीन माल आणून टाकतोय किंवा दरड पडलीये.

एखादा मोठा दगड उचलून खाली बघा, तिथे वाळू आणि बारीक खडे असतील. वरचा मोठ्या दगडांचा थर चिलखतासारखा काम करतो, खालची वाळू जपतो. म्हणून दगड परत जागेवर ठेवा, आणि सावकाश ठेवा, खाली किडे आणि माशांची अंडी असतात.

एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. उचलायला सगळ्यात सोपं काय? आपल्याला वाटतं जितकं बारीक तितकं सोपं. स्वीडनच्या फिलिप युलस्ट्रॉमने १९३५ मध्ये दाखवलं की सगळ्यात सहज उचलली जाते ती वाळू, चिकणमाती नाही. चिकणमातीचे कण एकमेकांना धरून बसतात, त्यांना सुटं करायला वाळूपेक्षा जास्त वेगाचं पाणी लागतं. पण एकदा का ते सुटले की अगदी संथ पाण्यातही तरंगत राहतात, म्हणूनच पूर जाऊन दिवस उलटले तरी पाणी गढूळ राहतं.

कातळाचा तळ असेल तर रांजणखळगे शोधा. भोवऱ्यात अडकलेले दगड गरागरा फिरून कातळात गोल भोक पाडतात, वर्षानुवर्षं. कुकडी नदीवर निघोजजवळचे रांजणखळगे बेसाल्टमध्ये कोरले गेलेत आणि काही इतके खोल आहेत की त्यात डोकावताना पाय थरथरतात. खळग्याच्या तळाशी गोल गुळगुळीत गोटे दिसले तर तीच ती हत्यारं. धबधबा असेल तर त्याच्या खालचा डोह बघा आणि मग पुढची घळई, कारण धबधबा स्वतः मागे सरकत गेल्यावर मागे उरते ती घळई. नायगारा सुमारे १२,००० वर्षांत ११ किलोमीटर मागे आलाय.

पायरी ६: आता पाणी

आता वळा पाण्याकडे. ओढ्याच्या कडेने चालताना बघा, उथळ खळखळता भाग, मग डोह, मग परत उथळ. हे आलटून पालटून येतं आणि एका उथळापासून पुढचं उथळ साधारण पात्राच्या रुंदीच्या पाच ते सात पट अंतरावर. डोळे मिटूनही कळतं, आवाजावरून, खळखळाट हा मुख्यतः पाण्यात अडकलेल्या हवेच्या बुडबुड्यांचा असतो, डोहात हवा शिरत नाही म्हणून डोह मुका. डोह शांत दिसला तरी पुराच्या वेळी उलटं होतं बऱ्याचदा, डोहाच्या तळाशी जोर वाढतो आणि तो साफ खणला जातो, नाहीतर गाळाने कधीच भरून गेला असता.

पाण्याच्या पृष्ठभागावरून खालचं ओळखायला शिका. पाण्यावर बाणासारखा आकार दिसतो, त्याचं टोक उगमाकडे असेल तर तिथे खाली दगड आहे. टोक पाणी जातं तिकडे असेल तर दोन दगडांच्या मधून मोकळी खोल वाट आहे. मोठ्या दगडाच्या मागे पाणी उलटं येतं, मासे तिथे विश्रांती घेतात. पाणी एकाच जागी उभी लाट धरून असेल तर खाली उंचवटा आहे किंवा वेग एकदम कमी होतोय.

वेग आणि प्रवाह मोजायचाय? सरळसा १० मीटरचा तुकडा घ्या, वर एक सुकी काटकी टाका, खाली पोचायला किती सेकंद लागतात बघा, पाच वेळा करून सरासरी काढा. समजा २० सेकंद लागले तर वेग सेकंदाला ०.५ मीटर. पण वरचं पाणी तळच्यापेक्षा जोरात जातं म्हणून त्याला ०.८५ ने गुणा, आले ०.४२५. आता रुंदी ३ मीटर आणि पाच-सहा ठिकाणी काठीने मोजलेली सरासरी खोली ०.४ मीटर, म्हणजे छेद (पाण्याच्या आडव्या कापाचं क्षेत्रफळ) १.२ चौरस मीटर. दोन्हींचा गुणाकार ०.५१ घनमीटर, म्हणजे सेकंदाला साधारण ५१० लिटर. घोटाभर-गुडघाभर ओढ्यातून इतकं पाणी जातंय हे आकड्यात बघितल्यावर त्याच्याकडे बघायची नजर बदलते. पाणी जोरात असेल तर खोली मोजायला आत उतरू नका, पुलावरून दोरी सोडा.

आणि ओढा कोरडा दिसला म्हणजे पाणी नाही असं नाही. वाळू आणि गोट्यांच्या खालून पाणी चालत असतं, कधी वर येतं, कधी परत खाली बुडतं. एखाद्या ठिकाणी मध्येच ओल, हिरवं गवत, आणि शंभर पावलांवर परत कोरडं, असं दिसलं की ती जागा नोंदवा.

पायरी ७: माणसाचा हात कुठे लागलाय

हे बघितल्याशिवाय नदी वाचून पूर्ण होत नाही, आणि इथे मला राग येतो ते मी लपवत नाही. वाळूचा खोल खड्डा पात्रात केला की पाणी त्या खड्ड्यात उतरताना वरच्या कडेला जोरात खणतं, आणि तो खड्डा उगमाकडे सरकत जातो, कधी पार पुलाच्या पायापर्यंत. पुलाचा पाया तळापासून उघडा पडलेला दिसला तर खालच्या अंगाला काय चाललंय ते बघा. धरणाखाली वेगळंच, गाळ मागे धरणात अडकतो, सोडलेलं स्वच्छ पाणी रिकाम्या हाताने येतं आणि पुढचा तळ आणि काठ खात जातं. तिथे तळाला फक्त मोठे दगड उरलेले दिसतील, वाळू गायब.

आणि सरळ केलेली नदी. अमेरिकेत फ्लोरिडामध्ये किसिमी नावाची नदी १९६० च्या दशकात पूर आवरायला म्हणून कापून सरळ कालवा केली, १६६ किलोमीटरची ९० किलोमीटर झाली. लांबी कमी म्हणजे उतार जास्त आणि पाणी पसरायला जागा नाही, पाणथळ जमिनी सुकल्या, पक्षी गेले. मग १९९९ पासून कालव्याचा मोठा तुकडा परत बुजवून नदीला जुन्या वळणांत सोडायचं काम सुरू झालं, ते २०२१ मध्ये संपलं. सरळ करायला जेमतेम दहा वर्षं, परत वळवायला वीसपेक्षा जास्त. तुमच्या ओढ्यालाही दोन्ही बाजूंनी सिमेंटची भिंत घातलेली असेल तर भिंत जिथे संपते तिथे जाऊन बघा, बहुतेक वेळा लगेच पुढचा काठ जोरात तुटलेला असतो, कारण भिंतीत न खर्चलेला सगळा जोर पाणी तिथे काढतं.

शेवटचं काम, वहीतलं

एकाच जागेवरून, एकाच दगडावर किंवा पुलाच्या एकाच खांबाजवळ उभं राहून, दर महिन्याला एक फोटो काढा, एक उगमाकडे, एक खाली. फोटोत काहीतरी मापाचं ठेवा, काठी किंवा टेप. सोबत वरून बघितल्यासारखं एक साधं रेखाटन करा, काठ कुठे उभा, वाळवंट कुठे, डोह कुठे, भेग कुठे, बाणाने प्रवाहाची दिशा. काठापासून आत पाच मीटरवरच्या एखाद्या पक्क्या झाडापर्यंतचं अंतर मोजून ठेवा, पुढच्या पावसाळ्यानंतर परत मोजा, काठ किती सरकला ते थेट आकड्यात मिळेल. पहिल्या पुराच्या आधीचा आणि पाणी उतरल्यानंतरच्या आठवड्यातला फोटो मात्र चुकवू नका, बाकीचे दहा महिने एकवेळ चुकले तरी चालतील.